उजवा की डावा?

निरोपाची भेट म्हटली की आपल्याकडे यादी ठरलेली असते: चांदीचा गणपती, शाल, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. यंदा मात्र आम्ही सात-आठ कुटुंबं एका खिशातल्या चाकूवरून तीन गुरुवारच्या रात्री वाद घालत बसलो होतो.

आमचे एक काका ३२ वर्षं बहारीनमध्ये काढून सातारला परत निघाले होते. गणपतीचं मखर असो की सहलीतलं कलिंगड, कापाकापी काकांकडे. त्यांचा लाल मुठीचा स्विस चाकू आता झिजून पार कामातून गेला होता. म्हणून कोणीतरी सुचवलं, द्यायचा तर एकदाच चांगला देऊ या. अमेरिकेतल्या ख्रिस रीव्ह यांच्या कारखान्याचा ‘सेबेंझा’. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, १९८९ साली अमेरिकेत आयडाहो राज्यात स्थायिक झाले. सेबेंझा हा झुलू भाषेतल्या ‘काम’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. टायटॅनियमची मूठ, सहसा गंज न धरणारं पातं, आणि किंमत चारशे डॉलरच्या वर, म्हणजे दीडशे दिनारांहून जास्त! आकडा ऐकून दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. पण वर्गणी जमली.

साधी मूठ की लाकूड बसवलेली, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. काका वस्तू कपाटात ठेवणारे नव्हेत, तेव्हा साधीच. खरी गाडी पुढे अडली. हा चाकू उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा असा दोन प्रकारांत मिळतो!

‘चाकूला कसला आलाय उजवा-डावा?’ असं आम्हीही आधी म्हटलं. पण असतो, बरं का. या चाकूच्या मुठीची एक बाजू चिरून तिची पट्टी केलेली असते. पातं उघडलं की ती आत सरकून पात्यामागे टेकते, आणि मग पातं आपोआप मिटत नाही. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची. उघडायची छोटी खुंटीही पात्याच्या एकाच बाजूला. हे सगळं उजव्या अंगठ्याच्या हिशोबाने केलेलं. डावखुऱ्याला तोच चाकू मिटताना बोटं वाकडी करून पट्टी ढकलावी लागते, आणि तीही धारेच्या वाटेवर. डाव्या प्रकारात ही रचना आरशातल्यासारखी उलटी. कात्रीचंही तसंच आहे. डावखुऱ्याने साधी कात्री धरली की कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडतं. आपण उजवे लोक हे कधी बघतच नाही.

आता काका कोण? उजवे की डावे? लिहितात उजव्याने, जेवतात उजव्याने. इथल्या अरबी घरीही जेवण उजव्याच हाताने, त्यामुळे त्यांना डाव्या हाताने काही करताना पाहिल्याचं चटकन कोणाला आठवेना. तेवढ्यात एका वहिनींनी मखराचे जुने फोटो काढले. थर्मोकोल कापताना प्रत्येक फोटोत कटर डाव्या हातात!

दोन तट पडले. एक म्हणे, ‘माणूस सही उजव्याने करतो, मग उजवाच घ्या. अमेरिकेहून येणारा मित्र लगेच आणेल. डाव्यासाठी थांबावं लागेल आणि काकांचं तिकीट निघालंय.’ दुसरा म्हणे, ‘सचिन फलंदाजी उजव्याने करतो आणि लिहितो डाव्याने. सहीवरून काय ठरवता?’ कोणीतरी गणपतीच्या सोंडेवर घसरलं. सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा, घरी आणतो तो बहुधा डाव्या सोंडेचा, वगैरे. त्या रात्री निर्णय झाला नाही, बटाटेवडे मात्र संपले.

शेवटी गुपचूप काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, ते जन्माचे डावरे. शाळेत मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे, म्हणून लिहिणं बदललं. सासूबाई ताटावर डावा हात आला की हात धरायच्या. सुरी तेवढी कोणी हिसकावली नाही.’

फोन ठेवल्यावर उजव्याच्या बाजूचं कोणी काही बोललं नाही. डावा मागवला. तो समारंभाच्या आदल्या दिवशी मित्राच्या मोठ्या बॅगेतून उतरला (हातातल्या सामानात चाकू चालत नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे).

धारदार वस्तू हातात द्यायची नाही, भांडण होतं, म्हणून आम्ही डबी टेबलावर ठेवली. काकांनी चाकू उचलला, सवयीने डाव्या अंगठ्याने उघडला, मिटला, परत उघडला. मग हाताकडे बघत राहिले. ‘हा माझ्यासाठीच केल्यासारखा आहे,’ म्हणाले. मग काकूंकडे वळून, ‘तू सांगितलंस ना?’

काकूंनी उत्तर दिलं नाही. काकांनी खिशातून शंभर फिल्सचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. फुकट घेतला तर मैत्री तुटते म्हणे. मग त्याच चाकूने केक कापला. डाव्या हाताने.