जुना ॲम्प्लिफायर भंगारात काढण्याआधी त्याची पाठ बघा

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून केबल, कमांड आणि पैशांचा हिशेब इथे जरा सविस्तर लिहितोय.

तुमचा सीसीटीव्ही, इन्व्हर्टर किंवा टीव्ही-साउंड बसवायचा धंदा असेल, तर हे दृश्य ओळखीचं असेल. ग्राहकाच्या हॉलमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डेनॉन, ओन्क्यो किंवा यामाहाचा जडच्या जड रिसीव्हर आहे. आवाज अजूनही खणखणीत. पण रिमोट हरवलाय आणि कंपनीचं ॲप नव्या फोनवर चालत नाही. ग्राहक विचारतो, "दादा, हे आता टाकूनच द्यायचं का?" आपल्यापैकी बहुतेक जण लगेच नव्या मशीनचा भाव सांगतात. मी म्हणतो, आधी मशीन फिरवा आणि पाठीमागे काय आहे ते बघा.

तिथे नऊ पिनांचं आरएस-२३२ सॉकेट किंवा लॅनचं सॉकेट दिसलं, तर बहुतेक वेळा ते मशीन कॉम्प्युटरवरून चालवता येतं. डेनॉनचंच बघा. त्यांच्या कित्येक रिसीव्हरची कमांडची यादी कंपनीनेच जाहीर केलेली आहे, आणि त्या कमांड म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं. चालू करायला पी-डब्ल्यू-ओ-एन. आवाजासाठी एम-व्ही आणि पुढे आकडा. शेवटी एंटर. सिरीयल केबलवर वेग ९६००, लॅनवर टेलनेट आणि पोर्ट २३. बस्स! कमांड पोचली की रिसीव्हर स्वतः उत्तर पाठवतो: चालू झालो, आवाज इतका आहे.

मग ड्रायव्हर कशाला हवा? कारण प्रत्येक कंपनीची खोड वेगळी. डेनॉनमध्ये आवाजाचा आकडा ८० म्हणजे शून्य डेसिबल, म्हणून ५० म्हणजे उणे ३०. अर्ध्या पायरीसाठी ते तीन आकडे लिहितात, ५०५ म्हणजे साडेपन्नास. ओन्क्योची गंमत याहून भारी. तिथे कमांड एम-व्ही-एल, पण पुढचा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला. तुम्ही भोळेपणाने ५० पाठवलं तर मशीन ते ८० समजतं. काही मॉडेलमध्ये ८० हाच आवाजाचा शेवट आहे! ग्राहकाच्या हॉलमध्ये पहिल्याच डेमोला हे झालं, तर स्पीकर आणि धंदा दोन्ही गेलेच म्हणून समजा.

ड्रायव्हर म्हणजे हे सगळं पाठ असलेला दुभाष्या. तुम्ही फक्त "आवाज तीस" म्हणायचं, त्याचं त्या मशीनच्या भाषेत रूपांतर तो करतो. आणि ओपन सोर्स म्हणजे या दुभाष्याची वही सगळ्यांसाठी उघडी. कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. पायथॉन भाषेत डेनॉन-मरँट्झसाठी डेनॉनएव्हीआर आणि ओन्क्योसाठी ओन्क्यो-ईआयएससीपी अशा लायब्ररी मोफत मिळतात. यातलं काहीच हाताने लिहायचं नसेल तर होम असिस्टंट वापरा. पॉलस स्काउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि त्यात कितीतरी कंपन्यांच्या रिसीव्हरची जोडणी आधीच करून ठेवलेली आहे. ग्राहकाला फोनवर बटणं दिसतात, मागची अक्षरं दिसतही नाहीत.

सॉकेटच नसेल तर? मग इन्फ्रारेड. लिनक्सवर एलआयआरसी नावाचं जुनं आणि भरवशाचं सॉफ्टवेअर आहे. एक छोटा आयआर एलईडी लावायचा आणि कॉम्प्युटरकडून रिमोटचं सोंग घ्यायचं. स्वस्त आहे, पण मला स्वतःला हा मार्ग नाइलाजाचा वाटतो. इन्फ्रारेड एकतर्फी असतं, मशीन उत्तर देत नाही. त्यात बऱ्याच रिमोटवर चालू आणि बंद यांचं बटण एकच. रात्री अकराला बंद करायची वेळ लावलीत आणि घरच्यांनी आधीच हाताने बंद केलं असेल, तर अकराला मशीन चालू होणार. शेजारी आधी ग्राहकाला शोधतील, मग ग्राहक तुम्हाला.

केबलबद्दल दोन गोष्टी नीट ऐका, कारण इथेच नुकसान होतं. आरएस-२३२ चा व्होल्टेज उणे-अधिक १२ पर्यंत जातो आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. थेट वायर जोडली की बोर्ड मेला. मध्ये यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर पाहिजेच. तो काही शे रुपयांत मिळतो, पण बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, नकली चिपा फार आहेत. दुसरं, काही मशीनला सरळ केबल लागते, काहींना क्रॉस, म्हणजे नल मोडेम. मॅन्युअल न बघता केबल नेली की एक फेरी फुकट. पेट्रोल तुमचं.

आणि हो, टेलनेटला पासवर्ड नसतो. त्या वायफायवरचा कोणीही आवाज वर-खाली करू शकतो. घरात ठीक आहे. कॅफेमध्ये बसवत असाल तर ग्राहकांचं वायफाय वेगळं ठेवा, नाहीतर चार कॉलेजची पोरं संध्याकाळभर तुमच्या मालकाला नाचवतील. राउटरमधून ते पोर्ट बाहेर इंटरनेटला तर कधीच उघडू नका.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कंपनीचं ॲप आहे की! आहे, पण कधीपर्यंत? ओन्क्यो होम एंटरटेनमेंट ही जपानी कंपनी मे २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रँड दुसऱ्यांकडे गेला होता म्हणून नाव टिकलं. पण ज्याच्याकडे उघडा ड्रायव्हर होता त्याच्या घरच्या रिसीव्हरला या बातमीने काहीच फरक पडला नाही. दुसरं उदाहरण स्क्वीझबॉक्सचं. गाणी वाजवणारी ही पेटी स्लिम डिव्हायसेस कंपनीची. लॉजिटेकने २००६ मध्ये कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये ही मालिकाच बंद केली. २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही बंद झाली. तरी त्या पेट्या आजही वाजतात, कारण त्यांना घरच्या कॉम्प्युटरवरून गाणी पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर पहिल्यापासून ओपन सोर्स होतं. ते आज लायरियन म्युझिक सर्व्हर या नावाने हौशी लोक सांभाळतात.

आता पैशांचं. "सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे कशाचे?" हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: पैसे जोडणीचे, तपासणीचे आणि नंतर फोन उचलण्याचे. मी एका जोडणीचे ३,५०० घेतो, सामान वेगळं, आणि वर्षातून दोन भेटींचा करार वेगळा. बिलावर "सॉफ्टवेअर" म्हणून रक्कम लिहीत नाही, "जोडणी व सेवा" लिहितो. होम असिस्टंटचा परवाना अपाचे २.० आहे, धंद्यासाठी वापरायला मुभा देणारा. पण दुसऱ्याच्या कामावर स्वतःचा लोगो चिकटवून "आमचं खास सॉफ्टवेअर" म्हणून विकू नका. ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांचं नाव ग्राहकाला सांगा. मी सांगतो, आणि त्यामुळे आजवर एकही गिऱ्हाईक गेलेलं नाही. उलट उद्या मी दुकान बंद केलं तरी दुसरा कोणी हे सांभाळू शकेल, हे कळल्यावर लोक निवांत होतात.

काम झालं की एक कागद मशीनच्या मागे पारदर्शक पाकिटात चिकटवा: मॉडेल नंबर, आयपी ॲड्रेस, केबल सरळ की क्रॉस, ड्रायव्हरचं नाव आणि तारीख. आवाजाची कमाल मर्यादा ड्रायव्हरमध्ये किती ठेवलीत तेही लिहा. डेनॉनला मी ६० च्या वर जाऊच देत नाही.

नवीन मशीन विकतानाही कोटेशन द्यायच्या आधी वितरकाला एकच प्रश्न विचारा: याच्या कंट्रोल कमांडची यादी मिळते का? "ॲप आहे ना साहेब" असं उत्तर आलं, तर त्या मॉडेलसोबत दुसऱ्या एखाद्या मॉडेलचाही भाव मागवा.