अजिंक्यांविषयीची असूया

१९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईविषयी इतर प्रांतांतील क्रिकेटरसिकांच्या मनात जी असूया साठत गेली, तिच्या मुळाशी आदरच आहे. कारण ज्याला हरविण्यात पुरुषार्थ नाही, त्याचा द्वेष करण्याची तसदी कोणी घेत नाही. जून २०२२ च्या अंतिम सामन्यात, मुंबईच्याच मुशीत घडलेल्या चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली, मध्य प्रदेशाने मुंबईच्या ३७४ धावांना ५३६ धावांचे उत्तर देऊन ६ गड्यांनी पहिलेच विजेतेपद मिळविले, तेव्हा संस्थानी अमदानीपासून महाराष्ट्राशी सोयरीक राखलेल्या ग्वाल्हेरच्या मराठी रसिकाने भाषेऐवजी भूमीचा पक्ष घेतला असल्यास ती बेइमानी नव्हे. बलाढ्यांवरील असा रोष ही त्यांच्या पराक्रमाची पावतीच होय.