गाड्यांविना गिंझा

टोकियोच्या गिंझा भागातला चुओ-दोरी हा जपानमधल्या सर्वांत महाग जमिनींमधून जाणारा रस्ता. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यावरची वाहने बंद होतात. पहिल्या चोमेपासून (चोमे म्हणजे भागाचा क्रमांकाने ओळखला जाणारा विभाग) आठव्या चोमेपर्यंतचा सुमारे १.१ किलोमीटरचा पट्टा माणसांच्या ताब्यात येतो. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी सहापर्यंत, उरलेल्या महिन्यांत पाचपर्यंत. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहनांना बंद ठेवण्याचा उपक्रम महापालिकेने २०२१ मध्ये सुरू केला. त्याची चर्चा होते तेव्हा गिंझाची पाच दशकांहून जुनी रीत नीट समजून घेण्यासारखी आहे.

ही व्यवस्था २ ऑगस्ट १९७० च्या रविवारी सुरू झाली. गिंझासोबत शिंजुकू, इकेबुकुरो आणि आसाकुसा इथलेही रस्ते त्या दिवशी मोकळे झाले. तेव्हा टोकियोचे गव्हर्नर होते र्‍योकिची मिनोबे. जपानी लोक तिला होकोशा तेंगोकु, म्हणजे पादचाऱ्यांचा स्वर्ग, म्हणतात. तिच्यामागे त्या काळाची भीती होती. १९७० या एका वर्षात जपानमध्ये रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे दगावली. हा तिथला आजवरचा उच्चांक आहे. त्याच वर्षी जुलैत टोकियोच्या सुगिनामी भागात धुरक्यामुळे शाळेच्या मैदानावरच्या मुली आजारी पडल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी गिंझात गाड्या थांबल्या.

गिंझात पायी फिरणे मात्र त्याआधीपासूनचे. १८७२ च्या आगीनंतर सरकारने हा भाग विटांच्या इमारतींनी नव्याने वसवला आणि रस्त्याच्या कडेने पदपथ काढले. १८६९ मध्ये सुरू झालेल्या किमुराया बेकरीचा गोड लाल चवळीचे सारण भरलेला आनपान आजही इथे मिळतो. लेखनसाहित्याचे इतोया १९०४ पासूनचे. चौथ्या चोमेच्या चौकातली घड्याळाची इमारत १९३२ ची. ती युद्धातल्या बॉम्बवर्षावातून वाचली. वाहने बंद झाल्यावर बाजाराचे रूपही पालटले. २० जुलै १९७१ रोजी जपानमधले पहिले मॅकडोनाल्ड्‌स इथल्याच मित्सुकोशी दुकानाच्या तळमजल्यावर उघडले. हातात घेऊन बाहेर पडायचे अशा धर्तीच्या त्या दुकानाला समोरचा मोकळा रस्ता पथ्यावर पडला. चालणारा माणूस हाही गिऱ्हाईकच असतो, हे व्यापाऱ्यांना यातून दिसले.

आज रस्त्याच्या मधोमध टेबले, खुर्च्या आणि मोठ्या छत्र्या मांडल्या जातात. म्हातारी माणसे काहीही विकत न घेता तिथे बसू शकतात, मुले हात सोडून पळू शकतात. चुओ-दोरीला छेदणाऱ्या हारुमी-दोरीवर वाहतूक चालूच राहते, त्यामुळे त्या चौकात पादचारी सिग्नलसाठी थांबतात. शहर ठप्प न करता एक रस्ता मोकळा करता येतो, तो असा. वर काही तास गाड्या नसल्या तरी चालते, कारण खाली गिंझा, मारुनोउची आणि हिबिया या तीन भुयारी मार्गांचे स्थानक आहे. त्यांतला गिंझा मार्ग इथे १९३४ मध्येच पोहोचला होता. गाडीशिवाय येण्याची सोय आधी झाली, गाड्या नंतर थांबल्या.

सगळीकडे हे साधले असे नाही. हाराजुकूत १९७७ पासून तरुणाईच्या नाचगाण्याने गाजलेला रस्ता गोंगाट आणि कचऱ्याच्या तक्रारींनंतर १९९८ मध्ये पुन्हा वाहनांना देण्यात आला. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या अकिहाबारा बाजारात ८ जून २००८ रोजी एका हल्लेखोराने सात जणांचे प्राण घेतले आणि पादचारी रविवार थांबले. २०११ च्या जानेवारीत ते नव्या नियमांसह परत सुरू झाले. उलट होक्काइदोतल्या आसाहिकावा शहराने १९६९ मध्ये बारा दिवस चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये स्थानकासमोरचा सुमारे एक किलोमीटरचा रस्ता कायमचाच पादचाऱ्यांना दिला.

या साऱ्या अनुभवांत निर्णायक ठरतो तो नियमितपणा. दर आठवड्याला, ठरलेल्या तासांना रस्ता मोकळा होणार हे पक्के असले की दुकानदार मालाची गाडी सकाळीच रिकामी करतात, वाहनचालक दुसरी वाट धरतात आणि घरची मंडळी त्या बेताने बाहेर पडतात. वर्षातून एकदाच येणाऱ्या दिवसाचा उत्सव होतो. त्याची सवय होऊ शकत नाही. साड्या आणि सोन्याच्या खरेदीसाठी पायी फिरण्याची परंपरा लक्ष्मी रस्त्यालाही आहेच. २९ सप्टेंबर २०२४ पासून जवळच्या मंडईखाली मेट्रोही धावते. गिंझाला उपयोगी पडलेल्या या दोन गोष्टी पुण्यातही जुळून आल्या आहेत. महापालिकेने आता महिन्यातला एक रविवार ठरवावा, तो वर्षभर न चुकता पाळावा आणि व्यापाऱ्यांशी बोलून त्याचे तास पक्के करावेत.