कर वाढेल, पण प्रीमियमचं काय?

२०१९च्या जूनमध्ये मायामीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची पहिली वादचर्चा झाली. उमेदवार इतके, की ती दोन रात्रींत विभागावी लागली. दोन्ही रात्री एका प्रश्नाचं उत्तर हात वर करून द्यायचं होतं: सरकारी योजनेसाठी खासगी आरोग्यविमा बंद करायला कोण तयार आहे? पहिल्या रात्री एलिझाबेथ वॉरन आणि बिल द ब्लासिओ, दुसऱ्या रात्री बर्नी सँडर्स आणि कमला हॅरिस यांनी हात वर केले. हॅरिस यांनी नंतर सांगितलं, की त्यांना प्रश्न वेगळा वाटला होता. जुलैत डेट्रॉइट, सप्टेंबरमध्ये ह्यूस्टन, गाव बदललं तरी वाद तोच राहिला.

आपल्याकडेही तोच. त्या वर्षी गणपतीत आरती संपून प्रसादाच्या प्लेटा हातात आल्या, की "मेडिकेअर फॉर ऑल"वरून जुंपायचीच. एकजण म्हणायचे, "टॅक्स किती वाढणार ते आधी सांगा." दुसरे म्हणायचे, "आत्ता प्रीमियम किती जातो ते आधी बघा." माझ्यासारख्या एच-फोरवाल्यांना मत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. पण पगारातून मेडिकेअरसाठी १.४५ टक्के आपल्याही घरातून कापले जातातच. त्यामुळे बोलायचा हक्क आहे, असं मी समजते. शिवाय तिकडे असताना काही वर्षं अर्थशास्त्र शिकवलंय. वाद फार तापला, की फळ्यावर दोन रकाने आखायची खोड अजून गेलेली नाही.

आधी थोडा इतिहास. विमा नोकरीला का चिकटला, हे माझे वडील फोनवर दर वेळी विचारतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. माणसं तर हवी होती, म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली. १९५४च्या करकायद्याने मालकाने भरलेला हा पैसा करमुक्त असल्याचं पक्कं केलं आणि गाठ घट्ट बसली. नोकरी संपलेल्या वृद्धांसाठी १९६५मध्ये प्रेसिडेंट जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली. २०१०मध्ये ओबामाकेअर आलं. आधीच्या आजारावरून विमा नाकारणं त्याने बंद केलं, मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात जागा दिली. पण मूळ गाठ तशीच राहिली. सेन्सस ब्युरोच्या आकड्यांप्रमाणे २०१८मध्ये २ कोटी ७५ लाख लोकांकडे विमाच नव्हता.

ही गाठ आपल्या लोकांना दुहेरी आवळते. ओळखीतल्या एका घरी २०१९च्या मार्चमध्ये नोकरी गेली. एच-वनवर असाल तर दुसरी नोकरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. त्याच दिवसांत मुलीच्या दम्याच्या इन्हेलरची काळजी. कोब्रा घेता येतो, पण मग मालकाचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. पगार बंद झाला त्याच महिन्यात विम्याचा हप्ता तिपटीच्या वर गेला. ती मला म्हणाली, "अगं, व्हिसाची भीती समजू शकते. पण पोरीच्या श्वासाचा आणि ह्याच्या नोकरीचा काय संबंध?" नोकरी मिळाली, सुटले बिचारे. प्रश्न मात्र राहिला.

आता ते दोन रकाने. कायझर फॅमिली फाउंडेशनच्या पाहणीनुसार २०१८मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम १९,६१६ डॉलर होता. त्यातले ५,५४७ डॉलर कामगाराच्या पगारातून गेले, उरलेले १४,०६९ मालकाने भरले. हे मालकाचे पैसे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपण ते फुकट समजतो. पण मालकाच्या हिशेबात तो आपल्या नावावरचाच खर्च असतो.

दुसऱ्या रकान्यात कर. सँडर्स यांनी पैसे उभारण्याचे जे पर्याय मांडले होते, त्यात एक असा: चार जणांच्या कुटुंबाचं पहिलं २९,००० डॉलर उत्पन्न सोडून बाकीवर ४ टक्के, आणि मालकांकडून पगारांवर ७.५ टक्के. एक लाख डॉलर उत्पन्नाच्या घराला यात २,८४० डॉलर पडतील, म्हणजे सरासरी प्रीमियममधल्या कामगाराच्या वाट्याच्या जवळजवळ निम्मे. शिवाय डिडक्टिबल नाही. पण दोघंही आयटीत असलेल्या, दोन लाख कमावणाऱ्या घराला ६,८४० डॉलर पडतील. हे सरासरी प्रीमियममधल्या कामगाराच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. ज्यांची कंपनी विमा जवळजवळ स्वतःच भरते, त्यांना फरक आणखी जाणवेल. म्हणजे "आपल्याला" फायदा की तोटा, याचं एकच उत्तर आपल्या मंडळातसुद्धा नाही.

विरोधी बाजूही पोकळ नाही. मर्केटस सेंटरच्या अभ्यासाने सँडर्स यांच्या योजनेचा केंद्र सरकारवरचा वाढीव बोजा दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलर काढला, तोही डॉक्टर-हॉस्पिटलांना सर्वत्र मेडिकेअरच्या दराने पैसे मिळतील असं धरून. हे दर खासगी विम्याच्या दरांपेक्षा कमी असतात. आमच्यातल्या एक डॉक्टर ताई म्हणतात, "लहान गावातलं हॉस्पिटल त्या दरात चालणार कसं, ते कुणी बोलत नाही." दुसरीकडे, त्याच अभ्यासातून असंही निघतं, की त्या गृहीतकावर देशाचा एकूण आरोग्यखर्च थोडा कमी होईल. दोन्ही बाजू एकाच अहवालातलं आपल्या सोयीचं पान वाचून दाखवतात.

म्हणूनच मधले रस्ते निघाले होते. जो बायडन यांच्या योजनेत खासगी विमा राहणार होता, शेजारी सरकारी पर्याय येणार होता आणि प्रीमियम उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर जाऊ देणार नव्हते. पीट बुटिजिज म्हणत होते, ज्यांना हवं त्यांना मेडिकेअर. यात बोजा कमी. पण नोकरी आणि विम्याची जुनी गाठ बहुतेकांसाठी तशीच राहणार होती.

आणि "मेडिकेअर म्हणजे फुकट" हाही गैरसमज नको. आमचे एक निवृत्त काका हसून २०१९च्या पार्ट बीचा महिना १३५.५० डॉलरचा हप्ता दाखवायचे. दहा वर्षं काम करून कर भरलेल्यांना पार्ट एचा हप्ता नाही, इतकंच. मुलांनी ग्रीन कार्डवर आणलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांना तर ते विकत घ्यायलासुद्धा सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं.

माझं मत विचाराल तर "कर वाढेल का?" हा अर्धा प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: घरातून एकूण किती जाईल, आणि नोकरी गेली त्या दिवशी काय उरेल? उमेदवाराने दोन्हीचं उत्तर द्यावं. सरळ "हो, कर वाढेल, पण प्रीमियम जाईल" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसेल. बघणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे मागता आले पाहिजेत.

३ फेब्रुवारी २०२०ला आयोवात सुरुवात झाली. न्यू जर्सीची पाळी जुलैत आली. पण ऐन दिवाळीत बहुतेक कंपन्यांकडून ओपन एनरोलमेंटची ईमेल येईल. यंदा मागच्या वर्षीच्याच प्लॅनवर डोळे मिटून टिचकी मारू नका. चकली खाता खाता पगाराची स्लिप उघडा, आपला वाटा, मालकाचा वाटा आणि डिडक्टिबल एका कागदावर लिहा. घरात कुणी सिटिझन झालं असेल, तर त्यांची मतदार नोंदणी झाली आहे ना, तेही विचारा. ज्यांना मत नाही, त्यांच्या वाट्याचा विचार करून मत देणारी माणसं आपल्यातच आहेत.