कण्यातला ‘क्ष’

‘डॉक्टर, हिचा एक खांदा वर दिसतो. सरळ उभी राहा म्हणून रोज ओरडते हिला.’ आठवीतल्या मुलीला घेऊन आई ओपीडीत आली होती. मुलीला पुढे वाकायला सांगितले, तर पाठीची उजवी बाजू उंच दिसली. ही सवय नव्हे. कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिऑसिस.

बाक एक्स-रेवर मोजतात. बाकाच्या दोन्ही टोकांना सर्वांत कललेल्या मणक्यांलगत रेषा काढायच्या. त्यांच्यातला कोन म्हणजे ‘कॉब कोन’. पण या रेषा बहुधा फिल्मच्या बाहेर मिळतात. म्हणून दोन्ही रेषांवर लंब काढतात. ते फिल्मवरच छेदतात आणि चौकोन तयार होतो. त्याच्या चारही कोनांची बेरीज ३६०°. लंबांमधला कोन भरला १५२°.

क्ष + ९० + ९० + १५२ = ३६०

‘अठ्ठावीस!’ मुलगी माझ्याआधी म्हणाली.

कोन १०° पेक्षा कमी असेल तर स्कोलिऑसिस म्हणत नाहीत. वाढत्या वयात साधारण २५° च्या पुढे ब्रेसचा, तर ४५ ते ५०° च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोजण्यात पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे एक-दोन अंश वाढले म्हणून घाबरू नये.

मुलीची उंची अजून वाढते आहे, म्हणून ब्रेस सुचवला. आईचे डोळे भरले. ‘उगाच ओरडले हिला.’

पालकहो, मुलाचा खांदा वरखाली दिसला, तर रागावण्याआधी त्याला एकदा पुढे वाकायला सांगा.