मॉर्मन: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

आर्थर कॉनन डॉयलची पहिली शेरलॉक होम्स कादंबरी, 'अ स्टडी इन स्कार्लेट', १८८७ साली प्रसिद्ध झाली. होम्सच्या अनुवादांवर वाढलेल्या अनेक मराठी वाचकांना मॉर्मन पहिल्यांदा तिथेच भेटले. युटाच्या ओसाड मुलखात मुलींची जबरदस्तीने लग्नं लावणारा आणि विरोधकांचा रातोरात काटा काढणारा हा पंथ, असं त्यातलं चित्र. कादंबरी लिहिताना डॉयलने युटा पाहिलेलंच नव्हतं. १९२३ मध्ये तो युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. मनावर उमटलेलं चित्र मात्र पुसलं गेलं नाही. अमेरिकेत राहणारे आपले लोकसुद्धा मॉर्मन शेजाऱ्यांबद्दल बोलताना पहिला प्रश्न विचारतात तो बायकांचाच.

तर आधी तेच. मॉर्मन पुरुष आज अनेक बायका करतात का? नाही. केल्यास चर्चमधून काढून टाकतात. पण 'हे सगळं बदनामीसाठी रचलेलं आहे' असंही कुणी सांगू नये. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४० च्या दशकात इलिनॉयमधल्या नॉवू गावी गुपचूप अनेक लग्नं केली. चर्चने २०१४ मध्ये स्वतःच मान्य केलं, की या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी आणि त्यांतली सर्वांत लहान मुलगी पंधरा वर्षांचीही नव्हती. १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या. पुढे त्याचा उत्तराधिकारी ब्रिगम यंगने पंथाच्या माणसांना पश्चिमेकडे नेलं आणि १८४७ च्या जुलैत ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. १८५२ मध्ये बहुपत्नीत्व हा धर्माचा भाग असल्याचं उघड जाहीर झालं. अमेरिकी सरकारने त्याविरुद्ध कायदे केले, १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, १८८७ च्या कायद्याने चर्चच्या मालमत्तेवर टाच आली. अखेर १८९० मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ही प्रथा थांबवल्याचं जाहीर केलं आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. तरीही काही लग्नं होतच राहिली. १९०४ मध्ये दुसरी ताकीद निघाली, तेव्हा कुठे खरा बंदोबस्त झाला.

ज्यांना हे पटलं नाही ते फुटून निघाले. माहितीपटांत लांब झगे घातलेल्या बायका आणि एकेका पुरुषाची डझनावारी मुलं दिसतात, ती या फुटीर गटांतली. त्यांच्यातल्या एका गटाचा नेता वॉरन जेफ्स २०११ मध्ये टेक्सासमध्ये अल्पवयीन मुलींवरील अत्याचारासाठी जन्मठेपेला गेला. मुख्य चर्चशी त्याचा काही संबंध नाही. घोडागाडी वापरणारे आणि वीज टाळणारे आमिश, ज्यांची मॉर्मनांशी गल्लत केली जाते, ते तर पूर्णपणे वेगळे लोक.

मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, हा प्रश्न अवघड आहे. ते स्वतः ठामपणे 'हो' म्हणतात. येशू हाच तारणारा, ही त्यांच्या श्रद्धेची जागा आहे. ते जोसेफ स्मिथची पूजा करत नाहीत, त्याला संदेष्टा मानतात. चर्चचं अधिकृत नावही 'येशू ख्रिस्ताचं चर्च' असंच सुरू होतं, आणि २०१८ पासून त्यांचे नेते 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका असं सांगत आले आहेत. इथे ते वापरलं ते केवळ वाचकांना ओळखीचं म्हणून. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन वेगळी अस्तित्वं आहेत असं ते मानतात. इतर चर्चेसची त्रैक्याची, म्हणजे तिघे मिळून एकच देव ही, कल्पना त्यांना मान्य नाही. बायबलच्या जोडीला १८३० मध्ये छापलेला 'बुक ऑफ मॉर्मन' हाही त्यांचा धर्मग्रंथ. म्हणूनच कॅथलिक चर्च २००१ पासून त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाही. माझ्या मते, ते येशूला मानणारे आहेत यात शंका नाही. पण जुन्या चर्चेसचा आक्षेपही हवेतला नाही.

त्यांची रविवारची उपासना पाहिली तर गूढपणाचा समज तिथेच गळून पडतो. कुणालाही आत जाऊन बसता येतं. सभागृह साधं, क्रूस कुठेच नाही. भजनं होतात, मग समोरच्या टेबलाशी बसलेले तरुण पावाचे तुकडे करतात, प्रार्थना म्हणतात आणि किशोरवयीन मुलं ताटं घेऊन रांगांमधून फिरतात. त्यामागून छोट्या पेल्यांत पाणी येतं; द्राक्षरस नाही, पाणीच. मागे तान्ही मुलं रडत असतात. प्रवचनाला पगारी धर्मगुरू नसतो. आधी सांगून ठेवलेले दोन-तीन सभासद उठून बोलतात. त्यात शाळकरी मुलगीही असते. स्थानिक मंडळाचा, म्हणजे 'वॉर्ड'चा, प्रमुख बिशप असतो. आठवडाभर तो दंतवैद्य किंवा दुकानदार असतो आणि हे काम काही वर्षं बिनपगारी करतो. वरच्या पातळीवरचे पूर्णवेळ नेते मात्र निर्वाहभत्ता घेतात. महिन्याच्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, दोन वेळचं जेवण सोडून उपास करतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला.

बंद असतं ते टेंपल. तिथे लग्नं आणि इतर विशेष विधी होतात, आणि योग्यतेची परवानगी असलेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो. तिथे दीक्षा घेतलेले लोक कपड्यांच्या आत पांढरी वस्त्रं घालतात. त्यांची अमेरिकेत फार टिंगल होते. जानव्याकडे बोट दाखवून कुणी हसलं तर आपल्याला कसं वाटेल, तसंच हे.

खाण्यापिण्याचा नियम १८३३ चा आहे. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. कॅफिनवर बंदी आहे हा गैरसमज खुद्द मॉर्मन घरांतही बरीच वर्षं होता. २०१२ मध्ये चर्चने स्पष्ट केलं की कोला चालतो. ग्रीन टी मात्र चालत नाही, कारण तोही चहाच. तेव्हा मॉर्मन पाहुणा तुमच्या आल्याच्या चहाला नको म्हणाला तर राग मानू नका. त्याच्यापुढे कोकम सरबत ठेवा, तो आनंदाने घेईल.

ज्या गोष्टींवर टीका व्हायलाच हवी त्या वेगळ्या आहेत. १८५२ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना टेंपलचे मुख्य विधी नाकारले गेले, ते थेट १९७८ पर्यंत. त्यामागे दिलेली धार्मिक कारणं चर्चने २०१३ मध्ये नाकारली. स्त्रियांना याजकपद आजही नाही. पण याच समाजातल्या बायकांना युटामध्ये १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. बहुपत्नीत्व मोडण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने तो १८८७ मध्ये काढून घेतला. १८९६ मध्ये तो परत आला, आणि त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन अमेरिकेतली पहिली महिला राज्य सिनेटर झाली. ती बहुपत्नीक घरातली चौथी बायको होती. तिचा नवराही त्या निवडणुकीत विरोधी पक्षाकडून उभा होता आणि हरला.

हे लोक भारताला नवे आहेत असंही समजू नये. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला, पुढे पुण्याला गेला, आणि तिथे त्याने छोटी शाखाही उभी केली. ती टिकली नाही.  २०१८ मध्ये बंगळुरूत टेंपल बांधण्याची घोषणा झाली.

शेवटचा गैरसमज मेलेल्यांच्या बाप्तिस्म्याचा. प्रेतांना कुणी हात लावत नाही. हयात नसलेल्या पूर्वजाच्या वतीने जिवंत सभासद पाण्यात बुडी घेतो, आणि तो विधी स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचं, अशी श्रद्धा आहे. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं या विधीत घेतली गेली, तेव्हा ज्यू संघटना संतापल्या, आणि ते योग्यच होतं. १९९५ मध्ये करार झाला. आता सभासदांनी आपल्याच पूर्वजांची नावं द्यावीत असा नियम आहे. पूर्वज शोधण्याच्या या ध्यासातून त्यांनी जगभरच्या वंशनोंदींच्या प्रती जमवल्या, आणि सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत मायक्रोफिल्मवर जपल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं चित्रीकरणही त्यांच्या वंशावळ संस्थेने केलं आहे. तुमचे पणजोबा गंगेवर जाऊन आले असतील, तर 'फॅमिलीसर्च' या त्यांच्या संकेतस्थळावर जरूर शोधून पाहा. खातं मोफत आहे आणि त्यासाठी मॉर्मन असण्याची अट नाही.