जुने संगणक-खेळ आणि हातातील यंत्राची बटणे

आयबीएम पीसी हा संगणक १९८१ मध्ये आला, तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. सोनी कंपनीने २००४ मध्ये विक्रीस आणलेल्या प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात धरावयाच्या यंत्रावर खेळास उपयोगी पडणारी मुख्य बटणे १२ होती: चार दिशांची, चार उजव्या अंगठ्याखालची, दोन वरच्या कडेवरील आणि ‘स्टार्ट’ व ‘सिलेक्ट’. जुना खेळ अशा यंत्रावर चालवावयाचा झाल्यास कोणत्या बटणाने कोणत्या कळेचे काम करावे, हे ठरवावे लागते. या व्यवस्थेस कळजोडणी म्हणता येईल. वरवर पाहता हा प्रश्न कळांच्या संख्येचा वाटतो. वस्तुतः तो बोटांचा आहे.

कळ दाबताच कळफलक संगणकाकडे एक संकेतांक पाठवितो आणि ती सोडताच दुसरा. मूळ आयबीएम पीसीवर सोडण्याचा अंक दाबण्याच्या अंकाहून १२८ ने अधिक असे. खेळापर्यंत पोहोचतात ते हे अंक. ते कोठून आले हे त्यास कळत नाही. म्हणूनच डॉसबॉक्ससारखी, जुन्या संगणकाची प्रतिकृती उभी करणारी आज्ञावली बटणाच्या दाबावरून तेच अंक निर्माण करू शकते, व मूळ खेळात काहीही बदल करावा लागत नाही.

तथापि सर्व कळांचे काम सारखे नसते. १९९३ च्या ‘डूम’ या खेळात बाणांच्या कळांनी चालावयाचे व वळावयाचे, शिफ्टने धावावयाचे, कंट्रोलने गोळी झाडावयाची, स्पेसने दार उघडावयाचे आणि १ ते ७ या अंकांनी शस्त्र निवडावयाचे, अशी योजना होती. धावता धावता गोळी झाडण्यासाठी बाण, शिफ्ट व कंट्रोल या कळा एकाच वेळी दाबून धराव्या लागतात. शिफ्ट व कंट्रोल ही दोन्ही कामे उजव्या अंगठ्याखालच्या बटणांना दिल्यास एकाच अंगठ्यास दोन ठिकाणी राहावे लागते. त्यांपैकी एक काम वरच्या कडेवरील बटणास, म्हणजे तर्जनीस, दिले की अडचण सरते. एकत्र धरावयाच्या कळा निरनिराळ्या बोटांस वाटून द्याव्यात, हा जोडणीचा पहिला नियम होय.

क्वचित लागणाऱ्या कळांसाठी एक बटण ‘पालटकळ’ म्हणून राखून ठेवता येते. ते धरले असता उर्वरित ११ बटणांना दुसरा अर्थ प्राप्त होतो व एकूण २२ कळांची सोय होते. मात्र पालटकळ आधी सुटली, तरी जी कळ दाबली गेली होती तिचाच सोडण्याचा अंक गेला पाहिजे. अन्यथा खेळाच्या दृष्टीने ती कळ दाबलेलीच राहते.

या उपायांनाही मर्यादा आहे. ‘झोर्क’सारख्या खेळात खेळाडू आज्ञा शब्दांत लिहितो, तेथे अक्षरे लिहिण्याचीच वेगळी सोय करावी लागते. उलट, २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या यंत्राच्या पाठीवर चार बटणे दिलेली आहेत. एरवी केवळ यंत्र पेलणाऱ्या बोटांना त्यांमुळे काम मिळते.

जोडणी सदोष असल्यास खेळाडू अडखळतो आणि दोष मात्र खेळाच्या माथी येतो. यास्तव जुन्या खेळाचे परीक्षण करताना तो कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कळजोडणीने खेळला गेला, याची नोंद अभ्यासकाने अवश्य ठेवावी.